ऊन नुसतं निमित्त: वऱ्हाडात जुन्या मोटारीचं तापणं कसं ओळखावं



सुरुवातीलाच एक विनंती. ज्यांच्या घरी जुनी फियाट, पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर किंवा जीप आहे, त्यांनी जरा हात वर करा. बरेच हात आहेत. आता यातल्या ज्यांची गाडी रस्त्यात एकदाही उकळली नाही, त्यांनी हात खाली घ्या. एकही हात खाली गेला नाही. म्हणजे विषय बरोबर निवडला म्हणायचा.

आम्ही गॅरेजवाली माणसं. व्याख्यान द्यायची सवय नाही, बोलताना मधूनमधून वऱ्हाडी येईल, सांभाळून घ्या. मार्च लागला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "भाऊ, गाडी लय गरम होऊन रायली. ऊनच इतकं हाय न!" आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेलं दुसरं वाक्य: "रेडिएटरच बदलून टाकू काय?" म्हणजे पहिल्या वाक्यात उन्हाला दोषी ठरवलं आणि दुसऱ्या वाक्यात रेडिएटरला शिक्षा दिली. चौकशी झालीच नाही. आज आपल्याला ती चौकशी कशी करायची ते बघायचं आहे.

यात काय पणाला लागलेलं असतं ते आधी सांगतो. फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी, या गाड्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायच्या. तो कारखाना आता गाड्या बनवत नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बॅसडर बंद झाली २०१४ ला. त्यामुळे आज यांचं हेड वाकलं किंवा ब्लॉकला तडा गेला, तर दुकानात जाऊन नवं आणता येत नाही. कुठल्या तरी भंगारातून, कुणाच्या तरी ओळखीनं शोधावं लागतं, आणि मिळालेलं कसं निघेल याचा भरवसा नाही. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. जास्त गरम झाली की हेड वाकतं, मधली गॅस्केट जाते, आणि आजोबांच्या काळापासून दारात असलेली गाडी शेडमध्ये जाऊन बसते ती बसतेच.

उन्हाचा हिशेब

पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली ढोबळमानानं पाव चाकांपर्यंत पोचते. बाकीची वाया जाते. त्यातली बरीच धुराच्या नळीतून जाते, आणि एकूण उष्णतेच्या साधारण तिसरा हिस्सा पाण्याला उचलावा लागतो. पाणी ती उष्णता इंजिनातून घेऊन रेडिएटरमध्ये येतं, तिथं ती हवेला देतं आणि परत जातं.

आता रेडिएटर हवेला किती उष्णता देऊ शकतो? ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. जानेवारीच्या दुपारी हवा २५ अंश. फरक ६५ चा. मे महिन्यात अकोल्याला हवा ४५ अंश. फरक ४५ चा. म्हणजे तोच रेडिएटर, तेच पाणी, पण काम करायची ताकद जवळपास एकतृतीयांशानं कमी झाली. आणि ४५ हा आकडा सावलीतला. डांबरी रस्त्याच्या वर वीतभर अंतरावर, पुढच्या ट्रकच्या मागे, गाडीच्या तोंडाशी येणारी हवा त्याहून गरम असते.

गाडी बनवणाऱ्यांनी ही गोष्ट धरूनच थोडी जास्तीची ताकद ठेवलेली होती. याच गाड्या आपल्याकडे तीस-चाळीस वर्षं मे महिन्यात चालल्या, वरातीत चालल्या, पाच-सात माणसं आणि टपावर सामान घेऊन चालल्या. तेव्हा नाही उकळल्या, मग आत्ताच काहून उकळतात? कारण ती जास्तीची ताकद कुणीतरी आतून खाऊन टाकली आहे. रेडिएटरच्या तीस टक्के नळ्या बंद असतील तर जानेवारीत काहीच कळत नाही, काटा जागचा हलत नाही. मे मध्ये मात्र उन्हानं त्याचा एकतृतीयांश मागितला की शिल्लक काही राहत नाही. दोष जानेवारीतही होताच. मे महिन्यानं फक्त तो दाखवून दिला.

म्हणून आमच्याकडे "उन्हामुळे तापते" हे निदान म्हणून लिहून घेत नाही. ऊन सगळ्यांच्याच गाड्यांवर सारखं पडतं.

उकळलीच तर आधी हे

निदान नंतर. आधी माणसं सुरक्षित. काटा लाल पट्ट्याकडे जाऊ लागला की गाडी बाजूला, सावली असेल तर सावलीत. पाणी अजून आत असेल, वाफ सुटलेली नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये किंचित रेस देऊन मिनिटभर चालू द्या, म्हणजे पंप पाणी फिरवत राहील. पण पाइप फुटलेला असेल, वाफेचा लोट येत असेल, तर तिथल्या तिथं बंद करा. पाणीच नाही तर फिरवणार काय?

त्यानंतर झाकणाला हात लावायचा नाही. किमान अर्धा तास. आत दाबाखाली शंभरच्या वरचं पाणी असतं. झाकण सैल झालं, दाब गेला, की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती सरळ तोंडावर येते. आमच्या ओळखीत हातावर असे डाग असणारे मेकॅनिक आहेत, आणि त्यांतले बहुतेक "मला माहिती आहे कसं उघडायचं" असं म्हणणारे होते.

आणि तिसरं, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. गरम तव्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा काय होतं. बिडाला तसाच धक्का बसतो आणि तडा जातो. इंजिनाला हात लावता येईल इतकं निवू द्या, मग थोडंथोडं ओता.

खरंच तापली आहे का?

हा प्रश्न फार लोक विचारत नाहीत. आमच्याकडे "तापून बंद पडते" म्हणून येणाऱ्या काही गाड्या तापलेल्याच नसतात.

एक प्रकार असा, की गाडी दुपारी थांबवली, दहा मिनिटांनी सुरू केली, थोडी चालली आणि आचके देत बंद पडली. काटा मध्येच आहे, वाफ नाही, पाणी पुरेसं आहे. इथं पाणी उकळलेलं नाही, पेट्रोल उकळलं आहे. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच लावलेला असतो. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ती ढकलता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली, तर रोग हाच. मग रेडिएटरवर खर्च करायची गरज नाही, पेट्रोलची नळी गरम भागापासून लांब घ्यायची.

दुसरा प्रकार खोट्या काट्याचा. चाळीस वर्षांचा काटा आणि त्याचा सेन्सर, दोघंही म्हातारे. हल्ली लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक सहज मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवा आणि त्या टेपवर मोजा. चकचकीत धातूवर मोजलं तर ती चुकीचा आकडा दाखवते. काटा लाल आणि टेपवर ८५, तर गाडी ठीक आहे, काटा बदला.

कधी तापते?

खरंच तापते हे ठरलं की आमचा पहिला प्रश्न: कुठं तापते? गाडीचा मालक आमच्यापेक्षा इथं जास्त उपयोगाचा, कारण त्यानं बघितलेलं असतं.

राजकमल चौकात, टॉवर चौकात, गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो, तर संशय हवेवर. उभ्या गाडीला वारा देणारा फक्त पंखा. या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन हळू तर पंखाही हळू. पट्टा सैल असेल, पंख्याचं पातं वाकलं असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत कचरा असेल, तर इथं कळतं.

गावात ठीक, पण अमरावती-अकोला रस्त्याला सत्तरनं लावली की वीस मिनिटांत काटा वर. हा रस्ता आता मोठा मोहात पाडणारा झाला आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम झाला, आठवत असेल. मोकळा आणि गुळगुळीत रस्ता, पाय आपोआप दाबला जातो. वेगात वारा भरपूर असतो, तेव्हा इथं संशय हवेवर नाही. संशय पाण्याच्या फिरण्यावर, रेडिएटरच्या आतल्या नळ्यांवर, आणि इंजिनच जास्त उष्णता तयार करत असेल तर टायमिंग आणि कार्बोरेटरवर.

तिसरी जागा चिखलदऱ्याचा घाट. वेग कमी, जोर जास्त, म्हणजे दोन्हीकडून मार. शिवाय चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. तिथं साधं पाणी शंभरऐवजी ९६ अंशांच्या जवळ उकळतं. इथं रेडिएटरच्या झाकणाची परीक्षा होते. झाकण फक्त पाणी सांडू नये म्हणून नसतं. ७ पीएसआयचं चांगलं झाकण असेल तर पाणी सपाटीवर १११ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे अकरा अंशांची सूट एका झाकणानं दिली. त्याचा रबर कडक झाला, स्प्रिंग मऊ पडली, की ही सूट गेली. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात उशिरा आठवणारा.

आणि कधीही, कुठंही तापते, बाहेर गळती नाही तरी पाणी कमी होतं, तर गॅस्केटचा विचार करा. सकाळी थंड गाडी सुरू करून वरचा होज पाइप दाबून बघा. मिनिटभरात, पाणी अजून थंड असतानाच तो टणक झाला, तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतो आहे. झाकण काढून थंड गाडी सुरू केली तर पाण्यात एकसारखे बुडबुडे दिसतात. ऑइलची पट्टी काढली आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे

आता क्रम. आमचा नियम साधा: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशानं झाली ते कधीच कळत नाही. बरी नाही झाली तर अजूनच गोंधळ.

पहिलं, थंड गाडीत पाण्याची पातळी. दुसरं, रेडिएटरची जाळी बाहेरून. आपला प्रदेश कापसाचा. हंगामात कापसाच्या गाड्यांच्या मागे चालवलं की तंतू जाळीत जाऊन बसतात, त्यावर धूळ, त्यावर किडे, आणि पावसात त्याचा नमदा होतो. पुढून दिसत नाही, मागून बॅटरी मारली की कळतं किती उजेड आरपार येतो ते. धुताना इंजिनाच्या बाजूनं बाहेर पाणी मारा, आणि जोरात नको, पाकळ्या वाकतात. जाळीपुढे शोभेचे दिवे, मोठे भोंगे, क्लबच्या पाट्या लावल्या असतील तर त्यांनाही विचारा तुम्ही इथं काय करता.

तिसरं, फॅन बेल्ट. अंगठ्यानं मध्यभागी दाबला तर एक ते दीड सेंटिमीटर दबावा. चौथं, कागद. इंजिन चालू ठेवून जाळीच्या पुढच्या बाजूला वहीचा कागद धरा. पंख्याच्या ओढीनं तो चिकटून राहायला पाहिजे. पडला तर हवा ओढली जात नाही. पंख्याच्या बाजूला मात्र हात, ओढणी, शर्टाची बाही काही नेऊ नका.

पाचवं, खालचा होज पाइप. इंजिनाला रेस दिल्यावर हा पाइप पंपाच्या ओढीनं चपटा होतो का बघा. यात मुळात तारेची स्प्रिंग असायची. गंजून गेली की पाइप दबतो आणि पाणी अडतं. गाडी उभी असताना पाइप अगदी चांगला दिसतो, म्हणून हा दोष लपून राहतो.

सहावं, थर्मोस्टॅट. काढून पातेल्यात पाण्यात लोंबकळत ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर बहुधा आकडा कोरलेला असतो, ८२ वगैरे. त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

सातवं, टायमिंग. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची टाच घासत जाते, तसं पॉइंटमधलं अंतर कमी होतं आणि ठिणगी उशिरा पडते. उशिरा पडलेल्या ठिणगीनं पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं, ताकद कमी मिळते आणि उष्णता जास्त. चालवणारा ताकद कमी म्हणून पाय अजून दाबतो. रेडिएटर नवा असला तरी अशी गाडी तापणारच.

हे सगळं होईपर्यंत एक पैशाचा नवा भाग लागलेला नाही. रेडिएटर, पंप, गॅस्केट हे यानंतर.

दर्यापूरकडची एक पद्मिनी

मागे एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे आले. दर्यापूर तालुक्यातले. वडिलांनी घेतलेली पद्मिनी. मे महिन्यात नातवाचं लग्न, आणि नातवाचा हट्ट की नवरदेव याच गाडीतून अकोल्याला जाईल. गुरुजी म्हणाले, "भाऊ, रेडिएटरची जाळी नवी टाकली, पंप नवा टाकला, थर्मोस्टॅट काढून फेकला. पैसे गेले, तरी गाडी उकळूनच रायली. नातवाले नाही कसं म्हणू?"

आम्ही विचारलं, गावात तापते की रस्त्यावर? गावात अर्धा तास उभी राहिली तरी काही नाही. रस्त्यावर सत्तरनं वीस मिनिटं. म्हणजे हवा ठीक. कागद चिकटला, बेल्ट ठीक, खालचा पाइप दबत नव्हता.

मग गाडी मूर्तिजापूरच्या पुढं, बोरगाव मंजूच्या दिशेनं नेली. काटा चढल्यावर बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून मोजलं. रेडिएटरमध्ये शिरणारं पाणी ९८ अंश, बाहेर पडणारं ७०. फरक २८ अंशांचा. चांगल्या चालत्या गाडीत हा फरक दहाच्या आसपास असतो. गुरुजींना वाटलं, वा, रेडिएटर केवढं गार करतोय! करतच होता. पण पाणी इतकं हळू येत होतं, की रेडिएटरला त्याच्यासोबत भरपूर वेळ मिळत होता. पाणी कुठंतरी अडत होतं. पंप नवा, थर्मोस्टॅट नाही, खालचा पाइप चांगला. उरलं काय? इंजिनाचं पोट. हेडवर पुढून मागं मोजत गेलो. पुढच्या सिलिंडरपाशी ९२, चौथ्यापाशी ११० च्या वर.

दुसऱ्या दिवशी थंड गाडीत ब्लॉकचा निचऱ्याचा नळ उघडला. पाण्याचा एक थेंब आला नाही. रेडिएटर काठोकाठ भरलेला, आणि नळ कोरडा. तार घालून टोकरलं, तेव्हा लाल चिखल आला, आणि त्यामागून पाणी.

आधी टायमिंग बघितलं. तेही मागे पडलेलं होतं. ते लावून एक फेरी मारली, काटा थोडा खाली राहिला, पण पुरेसा नाही. मग ब्लॉकच्या अंगावरच्या गोल चकत्या काढल्या, तारेनं खरवडलं, उलट्या बाजूनं पाणी मारलं. अर्धी बादली भरली. गंजाचा लाल गाळ, आणि त्यात पांढऱ्या खपल्या. गुरुजींनी एक खपली उचलून नखानं फोडली आणि म्हणाले, "हे तर आमच्या कूलरवरचं हाय."

पाणी कुठलं भरता?

गुरुजींचं बरोबर होतं. आणि आज घरी जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागातल्या लोकांना तो समजावून सांगायला नको. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात हेच पाणी कूलरमध्ये टाकलं की वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी साय बसते, आणि दोन महिन्यांत वारा येणं बंद होतं. आपण ताट्या बदलतो. रेडिएटरची ताटी मात्र आपल्याला दिसत नाही.

तिथं काय होतं बघा. रेडिएटरमधून उडून जाते ती वाफ, म्हणजे शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. मग आपण वरून परत बोअरचं पाणी टाकतो, नवे क्षार टाकतो. समजा गाडीत ६ लिटर पाणी मावतं आणि बोअरच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत. पहिल्या भरण्यात १२ ग्रॅम गेले. आता उन्हाळ्याचे बारा आठवडे, आठवड्याला एक लिटर वरून टाकलं, तर अजून २४ ग्रॅम. पहिल्या भरण्याच्या दुप्पट. अशी वीस वर्षं.

यातले काही क्षार तापल्यावर दगड बनून भिंतीला चिकटतात, चहाच्या भांड्याला बसतात तसे. हा थर बिडाच्या मानानं उष्णतेला फार अडवतो. एक मिलिमीटर थर म्हणजे जणू वीसेक मिलिमीटर जाडीचं बीड मध्ये उभं केलं. पाणी गार असलं तरी त्याला सिलिंडरची उष्णता पोचतच नाही. आणि जे मीठ पाण्यात विरघळलेलं राहतं, ते बीड आणि पंपाची पाती खातं. जुना पंप उघडला तर कधी कधी पाती चघळल्यासारखी दिसतात. फिरतात, पण पाणी ढकलत नाहीत.

अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं, अकोल्याला काटेपूर्णेचं नळाचं पाणी येतं, ते बोअरपेक्षा बरं. पण रेडिएटरसाठी तेही नको. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट, निम्मंनिम्मं. कूलंटमुळे गंज थांबतो आणि उकळबिंदूही काही अंश वर जातो. एक काळजी घ्या, ते गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलं तर धुऊन काढा, लेकरं आणि कुत्री-मांजरं चाटू शकतात.

तुमच्या पाण्याची परीक्षा घरी करा. स्टीलच्या ताटलीत एका बाजूला बोअरचं चमचाभर पाणी, दुसऱ्या बाजूला डिस्टिल्ड. उन्हात ठेवा. वाळल्यावर कुठं डाग राहतो बघा. तो डाग म्हणजे तुमच्या रेडिएटरचं भविष्य.

गुरुजींच्या गाडीत आम्ही थर्मोस्टॅट परत बसवला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. नवी जाळी आणि नवा पंप चांगलाच होता, पण त्यांची गरज होती की नव्हती हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण जुने भाग भंगारात गेलेले. नवरदेव अकोल्याला पोचला. साठच्या वर नेऊ नका असं आम्ही सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, पन्नासच्या वर नेलीच नाही, पण काट्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

प्रश्नोत्तरं

*श्रोता: थर्मोस्टॅट काढून टाकला तर काय बिघडतं? आमच्याकडे सगळेच काढतात.*

बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी बरी होते, त्यामुळे हा समज पसरला. पण चांगला थर्मोस्टॅट मे महिन्यात पूर्ण उघडाच असतो, तो काढून काही मिळत नाही. उलट डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर जास्त झिजतात. खराब असेल तर नवा बसवा.

*श्रोता: रेडिएटर गळत असेल तर हळद टाकतात. चालते काय?*

रानात, एकटे असाल आणि घरी पोचायचंच असेल, तर चालेल. पण हळदीला कुठलं भोक बुजवायचं ते कळत नाही. गळतीचं बारीक छिद्र आणि रेडिएटरची बारीक नळी तिला सारखीच. घरी पोचल्यावर सगळं धुवा आणि गळती डागून घ्या.

*श्रोता: नव्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्या जास्त तापतात असं म्हणतात.*

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये स्वतःचाच थोडा ऑक्सिजन असतो. जुना कार्बोरेटर साध्या पेट्रोलच्या हिशेबानं लावलेला, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं. कार्बोरेटर जाणकाराकडून परत लावून घ्या आणि रबराच्या नळ्या तपासा. पण पोटात चिखल भरलेला असताना पेट्रोलला दोष देऊ नका.

*श्रोती: आमची अ‍ॅम्बॅसडर आहे. आतून धुतल्यावर गळायला लागली तर?*

ताई, प्रश्न फार चांगला. होऊ शकतं. वर्षानुवर्षांचा थर काही ठिकाणी भोक बुजवून बसलेला असतो. तो निघाला की गंजलेली चकती किंवा पाइप गळतो. म्हणून हे काम लग्नाच्या आदल्या दिवशी करायचं नाही. महिनाभर आधी करा, गळेल ते गळू द्या, दुरुस्त करा. आणि कडक अ‍ॅसिड कुणी टाकतो म्हटलं तर नको म्हणा. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते तर अ‍ॅसिडनं खाल्लंच जातं.

शेवटी एक काम सांगतो. गाडीत एक वही ठेवा. तारीख, कुठला रस्ता, काटा कुठं होता आणि वरून किती पाणी टाकावं लागलं, एवढंच लिहा. पाणी टाकायची गरज वाढत चालली असेल, तर गाडी उकळायच्या आधीच वही सांगेल. गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा ब्लॉकचा नळ उघडून बघा. पाणी आलं तर उन्हाळा सुखाचा. नाही आलं, तर आमच्याकडे या, किंवा तार घेऊन स्वतःच टोकरा. रेडिएटर मात्र लगेच बदलू नका.